हैदराबादची शाळा-व्यवस्था आणि तिच्यातील मराठीचे स्थान

बरकतपुरा हा हैदराबादचा काचीगुडा, नारायणगुडा आणि नल्लाकुंटा यांच्या मधला जुना, मध्यमवर्गीय भाग. काचीगुडा रेल्वे स्थानकाची इमारत 1916 सालची असून मनमाडकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे त्याआधीच सुरू झाली होती. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड येथून राजधानीत येणारा मराठी माणूस याच मार्गाने उतरत असे. त्यामुळे या परिसरात आणि पलीकडच्या सुलतान बाजार, कोठी, जांबाग या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या स्थायिक झाली. त्यांच्या मुलांनी कोणत्या भाषेत शिकावे, शाळा कोणी चालवावी, तिला मान्यता कोणी द्यावी या प्रश्नांना शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आजची शाळा-व्यवस्था समजून घ्यायची तर तो इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक ठरते.

निजामी राजवटीतील पाया

पहिले सालारजंग यांच्या दिवाणगिरीत हैदराबाद संस्थानाच्या कारभाराला आधुनिक वळण मिळाले. दारुल उलूम ही शाळा 1850 च्या दशकात स्थापन झाली आणि 1865 मध्ये जिल्हाबंदी होऊन संस्थानाची जिल्ह्यांत विभागणी झाली. या विभागणीमुळे शिक्षणखात्यालाही जिल्हावार रचना उभारणे शक्य झाले. सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी या खात्याला स्वरूप दिले. 1884 मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही दरबाराची आणि न्यायालयांची भाषा झाली. 1887 मध्ये निजाम कॉलेज सुरू झाले आणि 1918 च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. परकीय भाषेऐवजी एका भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो देशातील पहिला मोठा प्रयोग होता आणि त्याचे महत्त्व आजही मानले जाते.

या प्रयोगाला एक दुसरी बाजूही होती. संस्थानातील जवळपास निम्मी प्रजा तेलुगू, सुमारे चतुर्थांश मराठी आणि उरलेल्यांत कन्नड व उर्दू भाषक अशी स्थिती होती. प्राथमिक वर्गांत स्थानिक भाषांना तत्त्वतः स्थान असले, तरी माध्यमिक शाळेची पायरी चढताच उर्दूचे राज्य सुरू होत असे. विद्यापीठ उर्दूचे, म्हणून त्याकडे नेणारी शाळाही उर्दूची, असा तो हिशेब होता. मातृभाषेतून माध्यमिक शिक्षण हवे असेल तर समाजाने स्वतःची शाळा काढावी, एवढाच मार्ग उरला.

विवेकवर्धिनी आणि खासगी शाळांची चळवळ

त्या मार्गावरील पहिल्या आणि सर्वांत टिकाऊ संस्थांपैकी एक म्हणजे विवेकवर्धिनी. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने 1907 मध्ये हैदराबादेत ही पाठशाळा उभी राहिली. त्याच वर्षी गुलबर्ग्यात नूतन विद्यालय निघाले. पुढे औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची 1921 सालची राष्ट्रीय शाळा अशी मालिकाच तयार झाली. हिप्परग्याच्या शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक म्हणून आले आणि तेथूनच त्यांच्या मराठवाड्यातील कार्याला आरंभ झाला, हे सर्वश्रुत आहे. या शाळांतून शिक्षणाबरोबर सार्वजनिक जीवनाचे संस्कारही होत होते. त्यामुळे राज्यकर्त्यांची त्यांच्यावर नजर असणे स्वाभाविक होते. 1924 च्या सुमारास खासगी शाळांसाठी पूर्वपरवानगी बंधनकारक करणारे नियम आले आणि अनेक लहान शाळांना त्यांचा फटका बसला.

केशवराव कोरटकरांचे 1932 मध्ये निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ 1940 मध्ये नारायणगुड्यात, म्हणजे बरकतपुऱ्याच्या शेजारीच, केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था स्थापन झाली. त्यांचे पुत्र विनायकराव विद्यालंकार यांचा या कामात पुढाकार होता. विवेकवर्धिनी आजही जांबाग परिसरात शाळा व महाविद्यालये चालवीत आहे. शहरातील मराठी शिक्षणाचा विषय या दोन नावांना वगळून मांडता येत नाही.

1921 ची सभा

विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात 12 नोव्हेंबर 1921 रोजी जे घडले, ते मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. त्या दिवशी संस्थानातील सामाजिक सुधारणा परिषद भरली होती आणि अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. मराठी, इंग्रजी आणि उर्दू भाषणे शांतपणे ऐकली गेली. मात्र अलंपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलू लागताच श्रोत्यांतील काहींनी टाळ्या पिटून व हुर्यो करून त्यांना बोलू दिले नाही. संस्थानातील सर्वांत मोठ्या भाषकसमूहाची भाषा त्याच संस्थानाच्या राजधानीत हास्याचा विषय ठरली.

त्या अपमानाचा परिणाम दूरगामी झाला. त्याच रात्री माडपाटी हनुमंतराव, बूर्गुल रामकृष्णराव आणि इतर तेलुगू कार्यकर्ते एकत्र आले आणि आंध्र जनसंघाची पायाभरणी झाली. पुढे 1930 मध्ये जोगीपेट येथे सुरवरम प्रताप रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली पहिली आंध्र महासभा भरली. तेलंगणातील राजकीय जागृतीचा उगम शोधणारे अभ्यासक आजही 1921 च्या त्या सभेपर्यंत जातात.

माडपाटी हनुमंतरावांनी 1928 मध्ये नारायणगुड्यात तेलुगू माध्यमाची मुलींची शाळा काढली. उस्मानियाच्या चौकटीत उर्दूखेरीज अन्य माध्यमाला जागा नव्हती. अशा वेळी या शाळेने संलग्नता घेतली ती पुण्याच्या महिला विद्यापीठाशी, म्हणजे कर्वे यांनीच 1916 मध्ये स्थापन केलेल्या विद्यापीठाशी. ज्या परिषदेत तेलुगूची अवहेलना झाली तिच्या अध्यक्षांच्या संस्थेने तेलुगू मुलींच्या शाळेला मान्यतेचा आधार दिला, ही इतिहासातील एक विलक्षण घटना होय. एका भाषेच्या माणसांनी दुसऱ्या भाषेला नाकारले आणि त्याच भाषेच्या माणसांनी तिला हातही दिला, या दोन्ही गोष्टी याच शहराच्या नोंदीत आहेत.

1948 ते 1956: व्यवस्था बदलली

1938 मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांवर कारवाई झाली आणि त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले. त्यानंतर उस्मानियातील उर्दू माध्यम मागे पडून इंग्रजी आले आणि शाळांतून प्रादेशिक भाषांचा मार्ग मोकळा झाला.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि तेलंगणाचे जिल्हे आंध्र प्रदेशात आले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग पलीकडे गेले. तोपर्यंत मराठवाड्यातील महाविद्यालये उस्मानियाशी संलग्न होती. 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर तेथील विद्यार्थ्याला हैदराबादला येण्याची गरज उरली नाही. शहरातील मराठी शाळांना मिळणारा विद्यार्थ्यांचा आणि शिक्षकांचा नैसर्गिक ओघ तेव्हापासून आटू लागला. मराठी ही संस्थानातील दुसऱ्या क्रमांकाची भाषा होती. ती आता नव्या राज्यातील एक अल्पसंख्य भाषा झाली.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेत याच काळात तरतूद झाली. सातव्या घटनादुरुस्तीने 1956 मध्ये कलम 350-अ आले. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा, असे ते सांगते. कलम 30 नुसार भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा मूलभूत हक्क आहे. त्याआधी 1949 मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक व्यावहारिक निकषही ठरवला होता. संपूर्ण शाळेत 40 किंवा एका वर्गात 10 मुले त्या भाषेची असतील तर त्यांच्यासाठी त्या भाषेचा शिक्षक द्यावा, असा तो निकष. पुढील सर्व चर्चांचा आधार बहुतांशी हाच राहिला.

आजची रचना: राज्यापासून मंडलापर्यंत

आंध्र प्रदेशात 1986 मध्ये पंचायत समित्यांच्या जागी मंडल-पद्धती आली आणि शिक्षणखात्याची शेवटची प्रशासकीय कडी मंडलाशी जोडली गेली. 2014 मध्ये तेलंगणा राज्य झाल्यावरही ही रचना कायम राहिली. ऑक्टोबर 2016 मध्ये 10 जिल्ह्यांचे 31 आणि 2019 मध्ये 33 जिल्हे झाले. जिल्हे लहान झाल्याने शिक्षणाधिकाऱ्यांची कार्यालये तुलनेने जवळ आली.

सध्याची उतरंड साधारणपणे अशी आहे. राज्यस्तरावर शालेय शिक्षण विभागाचे सचिव आणि शालेय शिक्षण संचालक असतात. अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तके यांची जबाबदारी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. दहावीची परीक्षा शासकीय परीक्षा संचालनालय घेते. अकरावी-बारावी म्हणजे ‘इंटरमीजिएट’ असून त्यासाठी स्वतंत्र मंडळ आहे. महाराष्ट्रात दहावी आणि बारावी एकाच मंडळाकडे असल्याने तिकडून आलेल्या पालकांचा येथे हमखास गोंधळ होतो. जिल्ह्यात जिल्हा शिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली उपशिक्षणाधिकारी आणि मंडलात मंडल शिक्षणाधिकारी अशी साखळी आहे. पहिली ते पाचवीची प्राथमिक शाळा आणि सहावी ते दहावीची उच्च शाळा हे नेहमीचे दोन टप्पे होत.

हैदराबाद जिल्हा या रचनेला काही अंशी अपवाद आहे. 1978 मध्ये रंगारेड्डी जिल्हा वेगळा काढल्यानंतर उरलेला हैदराबाद जिल्हा संपूर्णपणे शहरी आहे. त्याला जिल्हा परिषद नाही. म्हणून येथे जिल्हा परिषदेची शाळा आढळत नाही. शाळा थेट सरकारच्या असतात आणि जिल्ह्याच्या 16 मंडलांत मंडल शिक्षणाधिकाऱ्यांचे काम ‘डेप्युटी इन्स्पेक्टर ऑफ स्कूल्स’ म्हणजे शाळा उपनिरीक्षक पाहतात. बरकतपुऱ्याहून उप्पलकडे गेले की जिल्हा बदलतो आणि शाळेच्या फलकावर ‘जिल्हा परिषद उच्च शाळा’ असे शब्द दिसू लागतात. शहर एकच असले तरी शाळेचा मालक निराळा होतो. मुंबई-पुण्यातील माणसाला ‘पालिकेची शाळा’ हा शब्द ओळखीचा असतो. हैदराबादेत मात्र शाळा चालवणे हे महापालिकेचे काम नाही. तक्रार किंवा विनंती घेऊन नगरसेवकाकडे जाणाऱ्या पालकाला अखेर शिक्षणखात्याच्याच कार्यालयाची वाट धरावी लागते.

शाळांचे प्रकारही समजून घेतले पाहिजेत. सरकारी, स्थानिक संस्थांच्या, खासगी अनुदानित, खासगी विनाअनुदानित आणि निवासी असे ते मुख्य प्रकार. जुन्या मराठी संस्थांच्या शाळा प्रामुख्याने अनुदानित गटातल्या. अनुदान म्हणजे मंजूर शिक्षकपदांचे वेतन सरकारकडून मिळणे. परंतु निवृत्त शिक्षकाच्या जागी नवा शिक्षक नेमण्यास परवानगी मिळाली नाही, तर मंजूर पद कागदावर राहते आणि वर्ग रिकामा होतो. अनुदानित शाळांची मोठी अडचण हीच आहे.

माध्यम, शिक्षक आणि पुस्तके

तेलंगणात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा मुख्यतः आदिलाबाद आणि कुमुरम भीम आसिफाबाद या सीमावर्ती जिल्ह्यांत आहेत. जिवती तालुक्याच्या सीमेवरील 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांचा दावा असल्याने तेथे दोन्ही राज्यांच्या शाळा भरतात. एकाच गावात मराठी पाटी आणि तेलुगू पाटी शेजारी शेजारी असतात. राजधानीत चित्र उलटे आहे. मराठी कुटुंबे विखुरलेली आहेत आणि 40 मुलांचा निकष एका वस्तीत पूर्ण होणे कठीण झाले आहे.

मराठी माध्यमाच्या मुलांची पुस्तके बालभारतीची नसतात. तेलंगणाचा अभ्यासक्रम मराठीत आणून ती येथेच तयार केली जातात. त्यामुळे नांदेडहून आणलेले पुस्तक येथे चालत नाही. राज्याच्या शिक्षक पात्रता परीक्षेत पहिली भाषा म्हणून मराठी निवडता येते आणि शिक्षकभरती जिल्हावार, माध्यमनिहाय व विषयनिहाय होते. 2024 च्या भरतीत राज्यभरातील सर्व माध्यमांची मिळून 11,062 पदे जाहीर झाली होती.

येथे एक कायदेशीर मुद्दा निर्णायक ठरतो. घटनेच्या कलम 371-ड खालील 2018 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार जिल्हा संवर्गातील 95 टक्के पदे स्थानिक उमेदवारांसाठी राखीव आहेत. पहिली ते सातवी या इयत्तांतील बहुतांश वर्षे ज्या क्षेत्रात शिक्षण झाले, त्या क्षेत्राचा तो उमेदवार स्थानिक मानला जातो. परिणामी देगलूर किंवा किनवटचा पात्र शिक्षक सहजासहजी येथे येऊ शकत नाही. मराठी शाळेसाठी शिक्षक हवा तर तो तेलंगणातच मराठीत शिकलेला असावा लागतो. मराठी शाळा कमी झाल्या की असे विद्यार्थी कमी होतात, पुढे असे शिक्षक मिळत नाहीत आणि शिक्षक नाही म्हणून उरलेली शाळाही अडचणीत येते. या चक्राची सुरुवात कोठून झाली हे सांगणे कठीण असले, तरी ते कोठे तोडता येईल हे दिसते: पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी.

अलीकडचे बदल

मार्च 2018 मध्ये राज्य विधिमंडळाने सर्व शाळांत तेलुगू शिकवणे अनिवार्य करणारा कायदा केला. तो 2018-19 पासून पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. राज्याच्या भाषेत राज्यातील मुलाने वाचता-लिहिता यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. 1921 च्या सभेचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला तिच्यामागची भावनाही समजते. मराठी मुलाला तेलुगू येणे हे नोकरी, व्यवहार आणि शेजार या तिन्ही दृष्टींनी लाभाचेच आहे. अडचण तेलुगूमुळे निर्माण होत नाही. मराठी, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांच्या भाराखाली आधी गळते ती मराठी, कारण तिला परीक्षेत पर्याय असतो आणि शिक्षक नसतो.

2022-23 पासून सरकारी शाळांत पहिली ते आठवीपर्यंत इंग्रजी माध्यम सुरू झाले आणि एका पानावर तेलुगू व समोरच्या पानावर इंग्रजी अशी द्विभाषिक पुस्तके आली. त्याच सुमारास ‘मन ऊरु मन बडी’, शहरांत ‘मन बस्ती मन बडी’, ही शाळा-दुरुस्ती योजना जाहीर झाली. तिच्यात 26,065 शाळांसाठी 7,289 कोटी रुपयांचा आराखडा होता. 2024 मध्ये शाळांच्या देखभालीसाठी महिला बचतगटांच्या सहभागाने अम्मा आदर्श पाठशाला समित्या नेमल्या गेल्या आणि त्याच वर्षी राज्याने शिक्षण आयोग स्थापन केला.

पालकांसाठी उपयुक्त माहिती

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. प्राथमिक शाळा साधारण 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीचे वर्ग 3 किलोमीटरच्या आत असावेत, असा निकष आहे. प्राथमिक टप्प्यावर 30 मुलांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. शक्य असेल तेथे शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे, असेही या कायद्याच्या कलम 29 मध्ये म्हटले आहे.

महाराष्ट्रातून बदलून आलेल्या कुटुंबाने शाळा सोडल्याचा दाखला आणि आधीच्या इयत्तांची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. येथे दाखल्याला ‘टीसी’ म्हणतात. पहिली ते सातवीची वर्षे कोठे शिकली याची प्रमाणपत्रे पुढे नोकरीच्या वेळी स्थानिकत्व सिद्ध करण्यासाठी लागतात, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. शाळेचे वर्ष जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन एप्रिलच्या शेवटी संपते. मोठी सुटी बतुकम्मा-दसऱ्याला असते. महाराष्ट्रासारखी दिवाळीची लांब सुटी येथे नसते. गावाकडे जाण्याचे बेत त्यानुसार आखावे लागतात.

याखेरीज प्रवेशाच्या वेळी आणखी एक गोष्ट करण्यासारखी आहे. शाळेच्या नोंदीत आणि देशपातळीवरील शालेय माहिती-प्रणालीत मुलाच्या मातृभाषेचा रकाना असतो. घरी मराठी बोलली जात असूनही घाईत तेथे ‘हिंदी’ किंवा ‘तेलुगू’ लिहिले जाते. कधी कारकूनच अंदाजाने भरतो आणि पालक सही करतात. वर्गात 10 आणि शाळेत 40 हा निकष ज्या आकड्यांवर तपासला जातो, ते आकडे याच रकान्यातून येतात. बरकतपुऱ्यातील एखाद्या शाळेत मराठी घरांतली बारा मुले असतील आणि नोंदीत तीनच दिसत असतील, तर मराठी शिक्षकाची मागणी करणाऱ्या अर्जाला आधार राहत नाही. विवेकवर्धिनीच्या संस्थापकांना शाळेसाठी जागा, पैसा आणि परवानगी या तिन्ही गोष्टी मिळवाव्या लागल्या होत्या. आजच्या पालकाने निदान तो रकाना स्वतःच्या हाताने भरावा, एवढी अपेक्षा ठेवणे अवाजवी ठरणार नाही.